भेट द्यावी, ओझे देऊ नये



श्रावण जवळ आला की घरोघरी राखीचा विषय निघतो. यंदा मंदिराच्या पायऱ्यांवर एका वाचक-भगिनीने मला थांबवून विचारले, "भाऊ धंद्याच्या काळजीने पार वाळला आहे. त्याचे मन हलके होईल असे काहीतरी द्यावेसे वाटते. पण हजार-पाचशेच्या वर माझी ऐपत नाही. काय देऊ?" मी तिला म्हटले, "विचार करून लिहिते." घरी येऊन विचार करू लागले तेव्हा लक्षात आले की याच प्रश्नाचे उत्तर देताना मी स्वतः एकदा सपशेल चुकले आहे. म्हणून सल्ला देण्याआधी त्या चुकीचा हिशेब मांडणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

सात हजारांचे खोके

माझा धाकटा भाऊ, घरात त्याला सारे आप्पा म्हणतात, नृसिंहवाडीत भांडी, वह्या आणि कटलरी यांचे दुकान चालवतो. वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम. दत्तदर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंवर तिथली बाजारपेठ उभी आहे. पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी विकणाऱ्या दुकानांची ओळ संपते तिथे आप्पाचे दुकान लागते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान घडावे म्हणून लांबलांबून भाविक येतात. पाणी तिथेच थांबले तर तो उत्सव असतो. त्याच्या पुढे चढू लागले की बाजारपेठेची झोप उडते. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन साले शिरोळ तालुक्यातल्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या निधनाच्या तिथीसारखी ती त्याला पाठ असतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आप्पाचे दुकान कित्येक दिवस पाण्याखाली होते. स्टीलची भांडी धुऊन पुसून पुन्हा मांडता आली. वह्या-पुस्तकांचा मात्र लगदा झाला. कर्ज काढून त्याने माल भरला. दोन वर्षे होतात न होतात तोच २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर त्याचे वागणे बदलले. पावसाची सर आली की रात्री तीनला उठून बसायचा. कोयनेचा विसर्ग किती, अलमट्टीची पातळी किती, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर, हे मोबाईलवर पाहत राहायचा. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे त्याला मुलांच्या वाढदिवसांआधी आठवत. रक्तदाब वाढला, बोलणे कमी झाले. माझी भावजय फोनवर म्हणाली, "वन्सं, हे रात्रभर खिडकीशी बसतात. तुम्ही तरी बोला त्यांच्याशी."

मी बोलले नाही. मी खरेदी केली. २०२२च्या राखीला पायांना मालिश करणारे विजेचे यंत्र घेऊन गेले. खोक्यावर डोळे मिटून हसणाऱ्या माणसाचे चित्र होते. किंमत सात हजारांच्या घरात. आप्पाने खोके हातात घेतले आणि म्हणाला, "अक्का, कशाला एवढा खर्च केलास?" मला ती कौतुकाची रीत वाटली.

पुढच्या मे महिन्यात मी वाडीला गेले तेव्हा घरात पावसाळ्याआधीची आवराआवर चालू होती. खालचे सामान पोटमाळ्यावर चढवत होते. सर्वांत वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, माझे खोके होते; त्याची चिकटपट्टीही निघालेली नव्हती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून भावजय ओशाळली. म्हणाली, "पाण्यानं खराब होऊ नये म्हणून आधी तेच वर ठेवलं. तुम्ही दिलेलं ना."

पुराच्या भीतीने दबलेल्या भावाला मी पुरापासून वाचवायची आणखी एक वस्तू दिली होती.

दोन कथा, एकच खूण

त्या रात्री मला लहानपणी आजीने सांगितलेली राखीची कथा आठवली. हस्तिनापुरात बलीने अकंपनाचार्यांसह सातशे मुनींना अग्नीच्या वेढ्यात घातले आणि विष्णुकुमार मुनींनी तो उपसर्ग दूर केला, ही कथा आपल्या दिगंबर घरांत प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्या कथेतला एक तपशील आपण घाईत ओलांडून जातो. धुराने मुनींचे कंठ होरपळले होते. कठीण अन्न गिळणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून श्रावकांनी आहारासाठी मऊ शेवयांची खीर केली, आणि म्हणून आजही कित्येक घरांत राखी पौर्णिमेला शेवया शिजतात. श्रावकांनी स्वतःच्या घरातले सर्वांत उंची पक्वान्न निवडले नाही. ज्या गळ्यातून ते उतरायचे होते त्या गळ्याकडे पाहून त्यांनी पदार्थ निवडला.

दुसरी कथा श्वेतांबर परंपरेतली, भाऊबीजेची. भगवान महावीरांचे पावापुरीला निर्वाण झाले तेव्हा त्यांचे वडील बंधू नंदिवर्धन शोकाने खचले, त्यांनी अन्न सोडले. बहीण सुदर्शना हिने कार्तिक शुद्ध द्वितीयेला त्यांना आपल्या घरी नेले, समजावले आणि जेवू घातले. राजा असलेल्या भावाला बहीण कोणती वस्तू देणार होती? तिने त्याला एकट्याने बसू दिले नाही, एवढेच केले. तो दिवस सण झाला.

दोन्ही कथांत भेट स्वस्त आहे, आणि दोन्हींत ती दुखऱ्या जागेवर नेमकी पोहोचली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी सांगितले आहे की दानाचे वेगळेपण विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते. सुपात्रदान आणि भावाबहिणीतली लौकिक भेट यांची बरोबरी होत नाही, हे मी जाणते. तरी या चार कसोट्या घरगुती भेटीलाही उपयोगी पडतात. मी फक्त त्यांचा क्रम उलटा करते, कारण आपली चूक बहुधा द्रव्यापासून सुरुवात केल्याने होते.

पात्र: दुखते कुठे?

"तुला काय हवे?" हा प्रश्न भावाबहिणीत निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर नेहमी "काही नको" असेच येते. त्या मे महिन्यात मी आप्पाला पहाटे घाटावर फिरायला घेऊन गेले. संगमाकडे तोंड करून आम्ही पायरीवर बसलो आणि मी विचारले, "रात्री जाग येते तेव्हा पहिला विचार कुठला येतो?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "पाण्याची भीती नाही गं अक्का. पाणी आपण लहानपणापासून बघतोय. किती गेलं तेच कळत नाही, त्याची भीती वाटते. मागल्या वेळी तेच झालं."

मागल्या वेळी काय झाले होते ते मला तेव्हा प्रथम कळले. दुकानातल्या मालाचा विमा होता. पण मागच्या बोळातल्या गोदामाचा पत्ता विमापत्रात नव्हता, आणि निम्मा माल तिथे होता. जिथला पत्ता विमापत्रात नाही तिथल्या मालाची भरपाई मिळत नाही. शिवाय विम्याची रक्कम जुन्याच आकड्यावर राहिली होती, माल वाढला होता. अशा वेळी साधारण नियम असा असतो: दहा लाखांचा माल असताना सहा लाखांचाच विमा असेल आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर भरपाईचा हिशेब त्याच प्रमाणात कापून एक लाख वीस हजारांवर येतो. आप्पाने हे कोणाला सांगितले नव्हते. आपल्याच हलगर्जीपणाची त्याला लाज वाटत होती.

लाज मला वाटायला हवी होती. बँकेच्या नोकरीत मी चौतीस वर्षे परक्यांचे मालाचे तक्ते तपासले, विमापत्रावरचा पत्ता आणि गोदामाचा पत्ता जुळतो की नाही हे शेकडो वेळा पाहिले. सख्ख्या भावाची फाईल मात्र एकदाही उघडली नाही. त्याने दाखवली नाही, हे खरे. मीही मागितली नाही.

द्रव्य: हजारांच्या आत

त्या वर्षी मी राखीची वाट पाहिली नाही. जून लागायच्या आत दोन रविवार आप्पाला दिले. खर्च झाला तो एक जाड प्लास्टिकची चेनची फाईल, दोन वह्या आणि जयसिंगपूर-वाडी एसटीचे भाडे एवढा. सगळे मिळून पाचशेच्या आत.

पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी दुकान आणि गोदाम यांतल्या मालाची यादी केली, फळीगणिक मोबाईलवर छायाचित्रे काढली आणि ती भाचीच्या ईमेलवर पाठवली, म्हणजे कागद बुडाला तरी पुरावा बुडणार नाही. दुसऱ्या रविवारी विमापत्र वाचले. लहान व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाचे ठरावीक नमुन्याचे विमापत्र सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ते घेता येते आणि पुराचे नुकसान त्यात मुळातच धरलेले असते. आप्पाने नूतनीकरणाच्या वेळी गोदामाचा पत्ता घातला आणि रक्कम आजच्या मालाइतकी केली. हप्ता अर्थातच वाढला. तो त्याने आनंदाने भरला.

शेवटी एक कागद तयार केला. वर मथळा, 'पाणी आले तर'. खाली बारा ओळी: आधी वह्या-पुस्तके, मग काचसामान, मग विजेच्या वस्तू, स्टील सर्वांत शेवटी, टेम्पोवाल्याचा नंबर, जयसिंगपुरात माझ्या घरची कोणती खोली रिकामी असेल, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले की उचलायला सुरुवात करायची. हा कागद फाईलमध्ये सर्वांत वर ठेवला. आप्पाची भेट ती फाईल.

प्रत्येकाच्या भावाचे दुकान नदीकाठी नसते आणि प्रत्येक बहीण बँकेतून निवृत्त झालेली नसते. पण तत्त्व सगळीकडे लागू आहे. व्यापारी कुटुंबात ताण ज्या जागी साठतो त्या जागा थोड्याच आहेत. उधारीची वही लिहिलेली असते, पण वसुलीला बसायला वेळ नसतो. मग शाळा-कॉलेजातल्या भाच्याला दोन संध्याकाळी पाठवून थकबाकीची तारीखवार यादी करून द्या. भाऊ दुपारचे जेवण चारला, तेही गल्ल्यावर बसून करतो. मग महिनाभर एक वाजता गरम डबा पोहोचेल अशी सोय करा. रविवारीही दुकान बंद होत नाही; मग एक रविवार तुम्ही किंवा तुमच्या घरचे कोणी गल्ल्यावर बसा आणि भाऊ-भावजयीला कुंभोजच्या बाहुबलीला पाठवा. टेकडीच्या पायथ्याच्या त्या शांत परिसरात तासभर बसून आलेला माणूस बदललेला दिसतो.

बहिणीची गोष्ट थोडी निराळी. एकत्र कुटुंबात दिलेल्या बहिणीला वस्तूंची उणीव क्वचित असते, स्वतःच्या वेळेची असते. तिला उंची साडी दिली तर ती कपाटात जाईल. तिच्या मुलांना दोन दिवस मामाकडे आणा, किंवा दशलक्षण पर्वात, पर्युषणात निवांत स्वाध्याय करता यावा म्हणून आठ-दहा दिवसांच्या स्वयंपाकाच्या बाईंचा पगार तुम्ही द्या. मात्र हे तिच्या सासूबाईंना विचारून, त्यांच्या समोर करा. चोरून दिलेली सवलत बहिणीच्या डोक्यावरचा ताण वाढवते.

वस्तूच द्यायची असेल तर साधी द्या. सामायिकाला दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळाची रेतीची घडी धार्मिक उपकरणांच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळते. तिच्यासोबत एक सुती आसन. सामायिक न करणाऱ्या भावालाही ती चालते; अट एवढीच की रेती खाली जाईपर्यंत मोबाईल दुसऱ्या खोलीत. मोबाईलमध्येही वेळ लावता येते, हे खरे. पण वेळ पाहायला मोबाईल उघडला की त्यात तीन पुरवठादारांचे निरोप दिसतात.

आता 'ताणमुक्ती'च्या नावाने सध्या विकल्या जाणाऱ्या तयार पेट्यांविषयी. आपल्या घरांनी त्या उघडून वाचून घ्याव्यात. सुगंधी मेणबत्ती मधमाशांच्या मेणाची असू शकते. चहासोबत मधाची बाटली असते. झोपेसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या चघळायच्या गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असते. डोळ्यांवर बांधायची पट्टी रेशमाची, डायरीचे वेष्टन चामड्याचे. आणि 'बोन चायना'च्या शुभ्र कपात नावाप्रमाणेच हाडांची राख असते. मन शांत होते म्हणून मासे ठेवलेली काचेची पेटी भेट देण्याचीही रीत पडते आहे. जिवाला कोंडून ठेवणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे. कोणाच्या कैदेतून आपल्याला शांती कशी मिळावी?

त्याच पाच अतिचारांत एक 'अतिभारारोपण' आहे, म्हणजे दुसऱ्यावर शक्तीबाहेर ओझे लादणे. शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर बैल आणि नोकर असतील. पोटमाळ्यावरचे खोके पाहिल्यापासून मला त्या यादीत भेटवस्तूही दिसू लागल्या आहेत. जी वस्तू जपावी लागते, जिला जागा लागते, जिच्या किमतीची परतफेड भाऊबीजेला करावी लागते, ती भेट घेणाऱ्याच्या नावे पडते.

विधी: कसे द्यावे?

देण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. पहिली गोष्ट, चारचौघांत "तुला फार ताण आहे ना, म्हणून आणले" असे म्हणू नये. व्यापाऱ्याची पत हाच त्याचा श्वास असतो. तो खचला आहे ही बातमी राखीच्या ताटावरून बाजारात जाता कामा नये. दुसरी, भेट वापरली की नाही याची चौकशी एकदाच करावी. वारंवार विचारणे ही वसुली झाली.

तिसरी गोष्ट पैशांची. कधी भावंडाला खरोखर रक्कमच लागते आणि आपण ती देऊ शकतो. अशा वेळी ती भेट आहे की उसने, हे त्याच दिवशी स्पष्ट बोलावे आणि दोन ओळी कागदावर लिहाव्यात. अनेक घरांत भावाभावांतला अबोला याच धूसरपणातून सुरू झालेला मी पाहिला आहे. देणाऱ्याला ते कर्ज वाटते, घेणाऱ्याला माया वाटते, आणि दोघेही सणाला एकमेकांची नजर चुकवतात. कायद्याच्या बाजूने सांगायचे तर भाऊ-बहीण हे आयकराच्या 'नातेवाईक' या व्याख्येत येतात, त्यामुळे त्यांच्याकडून मिळालेली भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही. उसनवार मात्र वीस हजार किंवा अधिक असेल तर रोखीने देऊ-घेऊ नये. धनादेशाने किंवा बँकेतून वर्ग करावी. नाते सख्खे आहे म्हणून हा नियम सुटत नाही.

दाता: मी का देते आहे?

ही कसोटी सर्वांत अवघड. सात हजारांचे ते यंत्र मी आप्पासाठी घेतले असे मला तेव्हा वाटले होते. आज हिशेब मांडते तेव्हा नोंद वेगळी दिसते. भावजयीने मला त्याच्याशी बोलायला सांगितले होते. बोलणे मला जड वाटत होते. तो रडला असता तर काय करावे हे मला कळत नव्हते. म्हणून मी बोलण्याऐवजी पैसे दिले आणि माझ्या मनाची रुखरुख मिटवली. महाग भेट पुष्कळदा अशी असते: न दिलेल्या वेळेचा दंड आपण रोखीने भरतो. ज्या भगिनीने मला प्रश्न विचारला तिला हजार-पाचशेच्या मर्यादेचा संकोच वाटत होता. मला वाटते, त्या मर्यादेनेच तिला वाचवले आहे. तिच्याकडे पळवाट विकत घेण्याइतके पैसे नाहीत.

एक अपवाद

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. काही ताण भेटीने, गप्पांनी किंवा सामायिकाने उतरत नाहीत. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटले आहे, नेहमीच्या माणसांतून मन उठले आहे, "माझ्यामागे तुमचे बरे चालेल" अशी भाषा येऊ लागली आहे, असे दिसले तर तो आजार समजावा आणि भावंडाला घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. "घेऊन जावे" असे मुद्दाम लिहिते; नुसते "जा" म्हणून तो जात नाही. केंद्र सरकारची 'टेलीमानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. आपल्या समाजात रक्तदाबाची गोळी कोणी लपवत नाही, मनाची मात्र लपवतात. औषधदान हे चार दानांपैकी एक आहे. डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत देणे हेही त्याच जातीचे काम आहे.

फाईलचे काय झाले?

२०२४च्या जुलैअखेर पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. वाडीत पाणी चढू लागले. मी जयसिंगपुरात बसून होते. फोन करावा की नको या विचारात रात्रीचे साडेदहा झाले. मग आप्पाचाच फोन आला. मागे टेम्पोचा आवाज होता. तो एवढेच म्हणाला, "अक्का, आठव्या ओळीपर्यंत झालंय. तू झोप आता."

आप्पा पूर्ण निर्धास्त झाला आहे असे मी लिहिणार नाही. मोठा पाऊस लागला की तो अजून उठतो. पण भावजय सांगते, आता उठून फाईल उघडतो, वरचा कागद वाचतो आणि पुन्हा आडवा होतो. चार दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. संपूर्ण अभय देणे आपल्या हाती नाही. एखादी भीती मोजून, लिहून, लहान करून देणे मात्र बहिणीला जमते.

माझ्या वाचक-भगिनीला उत्तर एवढेच: यंदा राखी घेऊन जा, शेवयांची खीर घेऊन जा, आणि भावाशेजारी बसून तो रात्रीचा प्रश्न विचार. तो जे सांगेल त्यातच भेट सापडेल, आणि बहुधा ती पाचशेच्या आत बसेल.

आणि ते मालिशचे यंत्र? गेल्या दिवाळीत मी ते आप्पाकडून परत मागून घेतले. संध्याकाळी अर्धा तास वापरते. माझ्या पायांना त्याने खरोखरच बरे वाटते. वस्तू वाईट नव्हती. पत्ता चुकला होता.

जय जिनेंद्र.